साखरेतला मासा

मिरचीचा खकाणा कुणी मुद्दाम साठवत नाही. मशीन बंद केलं, झाडू मारला, तरी तो ट्यूबलाइटवर, देवाच्या फोटोवर, माझ्या भुवयांवर बसलेला असतोच. किस्से तसेच साठतात. गंगावेशीच्या आतल्या गल्लीत माझा डंक आहे, म्हणजे मिरची कांडायचं मशीन. उन्हाळा आला की माणसं भाजलेल्या मिरच्या घेऊन येतात, नंबर लागेपर्यंत पोत्यांवर बसतात, शिंकतात आणि बोलतात. मशीनच्या आवाजात बापूला काय ऐकू येतंय, असं सगळ्यांना वाटतं. बापूला सगळं ऐकू येतं!

पूर्वी आमची चटणी पुण्या-मुंबईला जायची. आता पोरांच्या मागोमाग ती स्वीडनला, जर्मनीला, कुठं कुठं जाते. आणि आमच्यात रीत अशी, की आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. चिमूटभर साखर का होईना, घालून द्यायची. पोरं तिकडं जाऊन बाकीचं बरंच विसरली, ही रीत तेवढी नाही विसरली. कोल्हापूरला निघालेला कुणीतरी गाठतात आणि त्याच्याजवळ चटणीचा डबा परत देतात, आत तिकडचं काहीतरी भरून. 'इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खातात, एकदम पारंपरिक आहे,' असा वर निरोप.

ते खाववत नाही. आणि पोरानं पाठवलंय म्हणून टाकवत नाही! मग हे डबे माझ्याकडं येतात. एकट्यानं खाण्यापेक्षा पाच जणांत खाल्लं की त्रास वाटून जातो, हा देसाई मास्तरांचा शोध.

या पाच जणांत अक्काताई वेगळ्या. माहेर नेसरीचं, आवाज माझ्या डंकापेक्षा मोठा. एकुलता एक पोरगा संतोष, स्वीडनला. गेला तो गेलाच, कैक वर्षांत फिरकला नाही. डबा कुणाचाही असो, आत काहीही निघो, अक्काताईंचा प्रश्न ठरलेला. "ते ऱ्हाऊ दे. पोरगं येतंय कवा?" बाईला जगात दुसरं काही नको होतं. संतोषनं एकदा घरी यावं, समोर बसावं आणि त्यांच्या हातचा तांबडा रस्सा भुरकावा, बस्स.

*

पहिला मान देसाई मास्तरांचा. गणिताचे मास्तर, आता रिटायर. मुलगी फिनलंडला. एक दिवस सकाळी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात डबा.

"पोरगी पर्मनंट झाली! तोंड गोड करा!"

डब्यात काळ्याभोर वड्या. आम्ही एकेक तोंडात टाकली. खारट, कडू, आणि नाकात झिणझिण्या! थुंकावं, तर आनंदाची बातमी कुणी थुंकतं का? माझा मावसभाऊ सरजेराव, त्यानं डोळे मिटून गिळली.

"मास्तर, ह्यात जेष्ठमध हाय, तेवढं कळलं. खरं दुसरं काय हाय? लहानपणी दारात कल्हईवाला यायचा, तसा वास मारालाय."

मास्तरांनी तिथंच मुलीला फोन लावला. ती म्हणाली, बरोबर आहे, नवसागरच आहे! नवसागर घातलेला ज्येष्ठमध तिथं शाळेतली पोरं मिटक्या मारत खातात.

"म्हंजे आतनं कल्हई झाली आमची!" आमच्या पाचांतल्या पद्माकाकू म्हणाल्या, आणि सगळी शिंकत शिंकत हसली. मास्तरही हसले.

"ती म्हणते, सवय होते बाबा," ते म्हणाले.

"सवय झाली म्हंजे आता तिकडचीच की वो, मास्तर," अक्काताई म्हणाल्या. "पर्मनंट!"

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. गल्लीत वड्या वाटायच्या म्हणून आणखी घरं ठरवली होती त्यांनी. सरळ घरी गेले.

*

सरजेराव राधानगरीकडचा. त्याचा मुलगा अमित स्कॉटलंडला. आमच्यात तिकडं स्वतः जाऊन आलेला हा एकटाच. अमितच्या साहेबांनी त्याला घरी जेवायला बोलावलं आणि टेबलावर गोल गरगरीत काहीतरी वाफाळतं आणून ठेवलं. साहेब हसायला लागले. अमितनं मराठीत सांगितलं, "आबा, साहेब विचारतायत, हे कशाचं करतात ते जेवणाआधी सांगू का नंतर?"

"आत्ताच सांग की!"

"मेंढराचं काळीज, फुप्फुस, सगळं बारीक करून त्याच्याच पोटात भरून शिजवायचं."

साहेबांना वाटलं, पावणं आता उठून पळणार. सरजेराव सरसावून बसला. "अरे, मग ही आपली वजडीच की! वाढ म्हणावं, हात आखडू नको म्हणावं!"

पहिला घास घेतला आणि पुढचं त्यानं आम्हाला सांगितलं ते असं. "बापू, मीठ आन्‌ जराशी मिरी. बाकी काय म्हंजे काय न्हाय! मेंढरू फुकट गेलं रं. एवढा जीव गेला आणि चव न्हाय!"

खिशात चटणीची डबी होतीच. हात खिशात गेला. तेवढ्यात अमितनं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आबा, इथं नको."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! डबी मुठीत धरून समदं खाल्लं. निघताना बघितलं, तर घामानं डबी ओली झालती."

आम्ही हसायचं का नाही, याचा विचार करत होतो. अक्काताईंनी मात्र त्याला झापलं. "पोराच्या शेजारी बसून जेवलासा न्हवं? मग रडगाणं कशाला सांगतासा!"

*

त्याच अमितनं पुढं कुणाच्या तरी हाती एक बरणी पाठवली. काळंकुट्ट, दाट, चमच्यावरून तार धरणारं. बरणी उन्हात धरून सरजेरावचा चेहरा असा फुलला म्हणता! एकेकाळी त्याचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. पुढं सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ बसलं, काहील भंगारात गेली.

"पोराला ध्यान हाय बघ, बापू! काकवी पाठवलीय!"

माझी बायको सुशीला, तिनं गरम चपात्या केल्या. सरजेरावनं चपातीवर पळीभर ओतली, वरून तूप सोडलं, सुरळी केली आणि निम्मी एका घासात आत घेतली.

पुढं काय झालं ते सांगत नाही, सुशीला बादली घेऊन धावली एवढं सांगतो. "मिठाचं पोतं हाय की ह्ये!" एवढं बोलायलासुद्धा त्याला वेळ लागला. अमितला फोन लावला. तो म्हणाला, "आबा, ती काकवी नाही. दारू गाळून झाल्यावर खाली खमीर राहतं, त्याचं करतात. ब्रेडला नखाएवढं लावायचं!"

सरजेराव मटण सोडत नसला तरी दारूच्या बाबतीत पक्का माळकरी. "जल्मात दारूला शिवलो न्हाय," तो म्हणाला, "आणि पोटच्या पोरानं गाळ चारला!" आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नाही. गूळ न्हवं, निदान काकवी तरी असंल असं वाटलंतं, असं काहीतरी पुटपुटला आणि बरणी घेऊन बाहेर नळावर धुवायला गेला.

*

पद्माकाकू हातकणंगल्याच्या, जैन. मुंगी दिसली तर पाय उचलून बाजूला ठेवणाऱ्या. मुलगा सन्मती जर्मनीला. त्यानं आईसाठी शोधून शोधून चीज पाठवलं. "दुधाचंच आहे, निर्धास्त खा." डबा आला तेव्हा काकू देवळात होत्या. काकांनी तो घेतला, दारावरच्या फळीवर ठेवला आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी घरात वास सुटला. उंदीर मेलाय, यात कुणालाच शंका नव्हती. कपाटं सरकवली, पोटमाळा उपसला, शेजाऱ्यांनी आपली न्हाणीघरं तपासली. उंदीर सापडेना. काकूंच्या जिवाला घोर लागला. आपल्या घरात जीव गेला, कुणी औषध तर घातलं नसेल, दारात अडकून तर मेला नसेल? शेवटी प्रायश्चित्त म्हणून त्यांनी उपवास धरला. निर्जळी!

संध्याकाळी काकांना आठवलं. "अगं, सन्म्यानं काहीतरी पाठवलंय की!"

काकूंनी डंकावर येऊन हे सांगितलं तेव्हा मी मशीन बंद केलं. इतकं हसताना चालू मशीनजवळ उभं राहणं बरं नव्हे. "चीजचं सुतक पाळलेली जगात मी एकटीच असणार!" त्या म्हणाल्या.

"सन्मतीला सांगितलंसा?" मास्तरांनी विचारलं.

"कसं सांगायचं वो? म्हटलं, लई आवडलं, लगेच संपलं. तर म्हणाला, मग पुढच्या टायमाला दोन पाठवतो!"

"पाठवू दे," अक्काताई म्हणाल्या. "तेवढंच पुण्य लागतंय. पोरगं येतंय कवा ते सांग."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. सन्मतीनं तिकडं घर घेतलं होतं. ही बातमी त्यांनी आम्हाला त्या दिवशी दिली, तीही सगळ्यात शेवटी.

*

हे खोटं बोलायचं काम सगळ्यांच्याच मागं लागलेलं. पोरं फोनवर विचारतात, 'कसं लागलं?' चांगलं म्हटलं तर आणखी येतं, वाईट म्हणवत नाही. त्यावर मास्तरांनी तोडगा काढला. "म्हणायचं, वेगळंच लागलं! यात खोटं काही नाही."

सगळ्यांनी तेच चालू केलं. फिनलंडच्या वड्या? वेगळंच लागलं! जर्मनीचं चीज? वेगळंच! छान चाललं होतं. पण ही तिकडची पोरं एकमेकांत बोलतात, हे आमच्या लक्षात राहिलं नाही. एक दिवस मास्तरांच्या मुलीनं विचारलं, "बाबा, सगळ्यांचे आईबाबा 'वेगळंच' का म्हणतात हो?"

मास्तर म्हणाले, "रेंज नाही गं इथं," आणि फोन ठेवला. गणिताचा मास्तर आयुष्यात पहिल्यांदा उत्तर न देता वर्गाबाहेर गेला!

*

आता मासा.

संतोषनं स्वीडनहून काचेच्या बरणीतला मासा पाठवला. तेव्हा अक्काताईंचे मालक दत्तोबा हयात होते. मासा कच्चा, थंड, आणि साखरेच्या पाण्यात मुरवलेला! आम्ही कोल्हापूरचे, मुंडी खाऊ, रक्ती खाऊ, कशाला घाबरत नाही. पण गोड मासा? सरजेराव म्हणाला, "आमटीत साखर पडली तर आम्ही ताट सारतो, आणि ह्यांनी मासा पाकात घातला!"

अक्काताईंनी हार मानली नाही. मासा नळाखाली धरला, चोळून चोळून धुतला, हळद-चटणी लावली, कालवण केलं. तरी गोड. परत धुतला. तरी गोडच! शेवटी त्यांनी बरणी कट्ट्यावर आपटली. "पोराला काय खायला घालत्यात रं तिकडं!"

दत्तोबा मात्र बोलले नाहीत. रोज दुपारच्या भाकरीबरोबर एक तुकडा खायचे. औषध घेतल्यासारखा. खाताना त्यांचं तोंड बघवायचं नाही. मी म्हटलं, "कशाला खाता वो?" तर म्हणाले, "पोरगं रोज हेच खातंय न्हवं. मग मलाबी कळू दे की." संतोष नव्या बरण्या पाठवत राहिला. बाबांना आवडतं म्हणून!

दत्तोबा गेले ते अचानक. संतोषचे तिथले कागद नेमके अडकलेले. निघाला तर परत जाता येणार नव्हतं. आला नाही. सगळं त्यानं फोनवर बघितलं. तो फोन माझ्या हातात होता.

आमच्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला, गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. पंचगंगेवर आम्ही सगळं मांडलं. भात, चपाती, कांदाभजी, चहा, तंबाखूची पुडी. घरातून निघताना अक्काताईंनी माझ्या हातात बरणी दिली होती. "हे बी ठेवा. रोज खायचे."

कावळे भिंतीवर बसून राहिले. उन्हं वर आली. भावकीतल्या कुणी हात जोडून सांगितलं, अक्काताईंना सांभाळू. एकही कावळा हलेना. फोनमध्ये संतोष जाड जाकीट घालून उभा, मागं सगळं पांढरं. तो म्हणाला, "काका, बाबांना सांगा, मी येतो. कागद झाले की येतो." मी मोठ्यानं सांगितलं.

एक कावळा उतरला. भजी सोडली, भात सोडला, थेट माशाचा तुकडा उचलला आणि भिंतीवर गेला. तिथं तो त्यानं टाकला, चोच भिंतीला इकडून तिकडून घासली, परत खाली आला आणि चहात चोच बुडवली! त्यातही सरजेरावला हसू आवरलं नाही. "कावळा कोल्हापूरचा हाय," तो म्हणाला.

फोनमधून संतोषनं विचारलं, "शिवला का, काका?"

"शिवला."

"कशाला शिवला?"

"तुझ्या माशाला," मी म्हटलं.

तोपर्यंत पोरगं रडलं नव्हतं. फोन बंद करायला मला जमेना, धरून तसाच उभा राहिलो.

*

आणि औंदा संतोष आला!

अक्काताईंनी आठवडाभर गल्ली डोक्यावर घेतली. मटण कुठलं, कुणाकडचं, किती सकाळी आणायचं, सगळं आम्हाला तोंडपाठ झालं. त्याच्यासाठी चटणी कांडायला आल्या तेव्हा मला दोनदा दम दिला. "रंग उतरला तर बघा, बापू! कैक वर्सांनी जेवालाय पोरगं."

जेवायला आम्ही सगळेच होतो, पद्माकाकू तेवढ्या नुसत्या भेटायला. संतोष समोर बसला. उंच, केस विरळ झालेले, हळू बोलणारा. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, भाकरी. अक्काताई ताटाशेजारी खालीच बसल्या, पोराचं तोंड बघत.

त्यानं वाटी उचलली आणि एक भुरका मारला. दुसरा मारला नाही. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी, ठसका. आम्हाला वाटलं, जरा घशात गेलं. त्यानं भाकरीचा घास रश्शात बुडवून घेतला, तो आमच्यासाठी घेतला हे लहान पोरालाही कळलं असतं. मग पोट धरून तो उठला. सुशीलानं दही दिलं, साखर दिली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आई, सवय राहिली नाही गं."

"पांढरा घे की मग. त्यो तिखट न्हाय."

पांढऱ्यानंही तेच झालं.

शेवटी त्यानं बॅगेतून एक ट्यूब काढली, दात घासायच्या पेस्टसारखी. आत माशाच्या अंड्यांचा गुलाबी लगदा. आईच्या हातची भाकरी घेतली, तिच्यावर ट्यूब पिळली, आणि खाल्ली. पोटभर खाल्ली. उपाशी होता बिचारा. अक्काताई बघत होत्या. मास्तरांच्या तोंडून 'वेगळंच' निघालं नाही, एवढं बरं झालं.

हात धुताना मी त्याला हळूच विचारलं, "मग इतकी वर्षं आई चटणी पाठवते, ती?"

"आहे की, काका. बरण्यांत भरून ठेवलीय. सगळी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काताई डंकावर आल्या. मागं संतोष, हातात पिशवी. मी पिशवी उघडली. भाजलेलं खोबरं, तीळ, धने, जिरं, कांदा, लसूण, कोथिंबीर, मीठ. खालपर्यंत हात घातला.

"अक्काताई, मिरची ऱ्हायली घरात."

"ऱ्हायली न्हाय. मिरची घालायची न्हाय."

"मग ती चटणी कसली वो?"

"उद्या जाणार हाय त्यो. कांडा. आणि आधी मशीन धुऊन घ्या."

माझ्या बापानं हा डंक बसवला तेव्हापासून त्याला पाणी लागलेलं मला आठवत नाही. पण त्या तोंडाकडं बघून मी बादली आणली. सुशीलानं पाणी ओतलं, मी ब्रशनं उखळ घासलं. लाल पाणी गटारापर्यंत गेलं. फडक्यानं पुसून घेतलं आणि मशीन चालू केलं. खाली पडलं ते मातकट, भुरकट. वास छान होता. पोत्यावर बसलेलं कुणीही शिंकलं नाही.

अक्काताईंनी चिमूटभर घेतली आणि पोराच्या तळहातावर ठेवली. संतोषनं जिभेला लावली. थोडा वेळ तोंड हलवत राहिला.

"छान झालीय, आई," तो म्हणाला. "जराशी तिखट आहे."

अक्काताईंनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"बापू," त्या म्हणाल्या, "परत एकदा धुवा."